बर्फाचा हंगाम बांधणारा प्रशिक्षक

अल्पाइन स्कीइंग, म्हणजे डोंगरउतारावरून स्कीवर घसरत घड्याळाशी झुंजण्याचा खेळ, हिवाळी ऑलिंपिकमध्ये 1936 साली गार्मिश-पार्टेनकिर्शनला दाखल झाला. तिथपासून 1960 पर्यंत पाच ऑलिंपिक झाली. या काळात अमेरिकेच्या स्त्रियांनी तीन सुवर्ण आणि चार रौप्यपदकं मिळवली. ग्रेचन फ्रेझरनं 1948 मध्ये सेंट मोरित्झला, तर अँड्रिया मीड लॉरेन्सनं 1952 मध्ये ओस्लोला सुवर्णपदकं जिंकली. पुरुषांच्या खात्यात मात्र एकही पदक नव्हतं. घरच्या मैदानावर, कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीत 1960 चं ऑलिंपिक भरलं, तेव्हासुद्धा टॉम कॉर्कोरनचा जायंट स्लॅलममधला, म्हणजे दूरदूर रोवलेल्या खांबांमधून मोठी वळणं घेण्याच्या शर्यतीतला, चौथा क्रमांक हीच अमेरिकन पुरुषांची कमाई ठरली.

गुणवत्ता नव्हती असं मुळीच नाही. कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जचा बडी वर्नर हा पोरगा 1959 मध्ये ऑस्ट्रियात किट्सब्यूलची हानेनकाम डाउनहिल, म्हणजे निव्वळ वेगाची उतारशर्यत, जिंकून आला होता. युरोपातले लोक ज्या उताराकडे नुसतं वर पाहून घाबरतात, तो उतार जिंकणारा हा पहिला अमेरिकन. त्याच वर्षी डिसेंबरात ॲस्पेनला सरावात त्याचा पाय मोडला आणि घरचं ऑलिंपिक हुकलं. त्याच्या पायाबरोबर देशाची आशाही मोडली, यावरून संघाची अवस्था लक्षात येते. सगळी भिस्त एकट्यावर. कायमस्वरूपी प्रशिक्षक नाही, वर्षभराचा सराव नाही, हमखास पैसा नाही. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धा जवळ आली की खेळाडू निवडायचे, युरोपला न्यायचे आणि परत आल्यावर सगळे आपापल्या घरी. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा खाक्या मोडला तो बॉब बीटीनं.

बीटीचा जन्म 24 जानेवारी 1933 चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टरचा. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजातून तो 1955 मध्ये पदवीधर झाला. स्कीपटू म्हणून त्याचं नाव कुठल्याही मोठ्या यादीत सापडत नाही. मिडलबरीचे प्रशिक्षक बोबो शीहन 1956 च्या ऑलिंपिक संघाबरोबर गेले, तेव्हा त्यांच्या जागी तात्पुरता म्हणून हा तरुण उभा राहिला आणि त्या खुर्चीची गोडी त्याला लागली ती कायमची. पुढच्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी, तो बोल्डरला कोलोरॅडो विद्यापीठाचा स्की प्रशिक्षक झाला.

बोल्डरहून जवळच असलेल्या डेन्व्हर विद्यापीठात तेव्हा विली शेफ्लर या बव्हेरियातून आलेल्या प्रशिक्षकाचं राज्य होतं. अमेरिकी विद्यापीठांची राष्ट्रीय स्की स्पर्धा 1954 मध्ये सुरू झाली आणि पहिली चारही विजेतेपदं डेन्व्हरनं नेली. शेफ्लरच्या संघात नॉर्वेहून आणलेले तयार खेळाडू असत. बीटीनं अमेरिकन पोरांवर भर दिला आणि 1959 व 1960 अशी लागोपाठ दोन वर्षं कोलोरॅडोला विजेतेपद मिळवून दिलं. या दोघांचं शेजाऱ्याशेजाऱ्यांतलं वैर पुढे बरीच वर्षं टिकलं.

बीटीची पद्धत स्कीच्या जगाला अपरिचित होती. आल्प्समध्ये खेळाडू लहानपणापासून उतारावरच वाढतो आणि शरीर आपोआप तयार होतं, अशी समजूत होती. बीटीनं अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरची कवायत इथे आणली. बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी पोरं स्टेडियमच्या पायऱ्या चढत-उतरत धावायची, दमसास वाढवायची. शिट्टी, ओरडा, वेळापत्रक, शिस्त. हा माणूस मोठ्या आवाजाचा होता आणि तो आवाज कमी करण्याची त्याला कधी गरज वाटली नाही. वळण घेताना गुडघा नेमका किती वाकवायचा, या बारकाव्यात त्याच्याहून सरस माणसं युरोपात डझनानं होती. पण खेळाडू एकत्र ठेवायचे, त्यांना आपण जिंकू शकतो असं वाटायला लावायचं आणि त्यासाठी पैसेवाल्यांच्या दारात उभं राहायचं, या कामात त्याला तोड नव्हती.

राष्ट्रीय स्की संघटनेनं 1961 मध्ये त्याला राष्ट्रीय अल्पाइन संघाचा प्रशिक्षक नेमलं, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. पहिली कसोटी 1962 ची शामोनीची जागतिक स्पर्धा. तिथे जोन हॅना आणि बार्बरा फेरिस या दोघींनी एकेक कांस्यपदक आणलं. त्याच हंगामात चक फेरिसनं किट्सब्यूलची स्लॅलम जिंकली. पुरुष विभागात जागतिक पदक अजून दूरच होतं, पण युरोपातल्या प्रशिक्षकांनी या गटाची दखल घ्यायला सुरुवात केली.

बीटीनं बोल्डरला संघाचं घर करून टाकलं. बडी वर्नर तिथेच शिकत होता. व्हरमाँटमधल्या स्टोचा बिली किड आला. ताहो सरोवराकाठचा जिमी ह्यूगा आला. त्याचे वडील बास्क प्रदेशातून अमेरिकेत आले होते आणि स्क्वॉ व्हॅलीच्या रोपवेवर काम करत. विद्यापीठात नाव घालायचं, दिवसा वर्ग, उरलेल्या वेळात सराव आणि हंगाम आला की युरोप. फ्रान्स-ऑस्ट्रियाचे खेळाडू कागदोपत्री हौशी असले तरी त्यांचा पगार सरकार कुठल्या ना कुठल्या खात्यातून देत असे. जाँ-क्लोद किली कागदावर फ्रान्सच्या कस्टम खात्याचा कर्मचारी होता. अमेरिकेच्या सरकारनं यात एक डॉलर घातला नव्हता. सगळी मदार देणग्यांवर होती, आणि देणग्या मागण्यात बीटीला संकोच असा नव्हताच. पदकं येणार, असं तो वर्तमानपत्रांना बेधडक सांगत सुटे. देणगीदाराला आशा विकावी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विकलेल्या आशेचा हिशेब पुढे चुकवावा लागतो, हेही त्याला लवकरच कळलं.

1964 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला बर्फानंच दगा दिला. ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी वरच्या डोंगरांतून 40 हजार घनमीटर बर्फ वाहून आणला आणि उतारांवर पसरून पायांनी, हातांनी दाबून बसवला. डाउनहिलच्या सरावात ऑस्ट्रेलियाचा एक तरुण खेळाडू मृत्युमुखी पडला. याच डाउनहिलमध्ये भारताचाही एक माणूस होता, हे फारसं कुणाला आठवत नाही. जेरेमी बुजाकोवस्की हा पोलिश वंशाचा भारतीय नागरिक हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही. 1968 मध्ये तो पुन्हा आला आणि तेव्हा त्यानं ती पूर्ण केली.

सुरुवातीला अमेरिकेच्या संघाची पत बायकांनी राखली. ओरेगनच्या जीन सॉबर्टनं स्लॅलममध्ये कांस्य आणि जायंट स्लॅलममध्ये विभागून रौप्य मिळवलं. दोन्ही शर्यतींत तिच्या बरोबर किंवा पुढे होत्या त्या फ्रान्सच्या क्रिस्टीन आणि मारिएल गोइत्शेल या सख्ख्या बहिणी. पुरुषांची डाउनहिल झाली, काही नाही. जायंट स्लॅलम झाली, किड सातवा. उरली फक्त स्लॅलम, शेवटची शर्यत. बीटीनं वर्तमानपत्रांना दिलेला शब्द आता त्याच्याच मानगुटीवर बसला होता.

8 फेब्रुवारी 1964. जागा आक्सामर लित्सुम. स्लॅलममध्ये खांबांच्या मधून वळणं घेत दोनदा उतरायचं आणि दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज धरायची. यजमान ऑस्ट्रियाचा पेपी श्टीग्लर पहिल्या फेरीत पुढे होता आणि त्या आघाडीवरच त्यानं सुवर्ण राखलं: 2 मिनिटं 11.13 सेकंद. त्याच्यामागे अवघ्या 14 शतांश सेकंदांनी बिली किड, आणि किडच्या मागे पाव सेकंदानं जिमी ह्यूगा. दोघंही वीस वर्षांचे. अमेरिकन पुरुषांची ऑलिंपिक अल्पाइनमधली पहिली दोन पदकं एकाच शर्यतीत, काही मिनिटांच्या अंतरानं आली. बडी वर्नर आठवा आला. त्याचं ते शेवटचं ऑलिंपिक.

दोन महिन्यांनी, 12 एप्रिल 1964 ला, सेंट मोरित्झजवळ विली बोग्नर या जर्मन स्कीपटूच्या स्कीवरच्या चित्रपटाचं चित्रण चालू असताना हिमकडा कोसळला. त्यात वर्नर आणि जर्मनीची स्कीपटू बार्बी हेनेबर्गर दोघंही गेली. वर्नर 28 वर्षांचा होता. त्याच्या गावाच्या स्टॉर्म माउंटनला पुढच्या वर्षी त्याचं नाव देण्यात आलं.

बीटीसाठी इन्सब्रुक हे शिखर होतं, पण त्याच्या कामाचा खरा वजनदार भाग त्यानंतरचा आहे. दोन पदकांनी त्याला बोलायला अधिकार दिला आणि तो त्यानं पुरेपूर वापरला. राष्ट्रीय संघ कायमचा हवा, दर चार वर्षांनी नव्यानं जुळवलेला नको, हे म्हणणं त्यानं अमेरिकेत रेटून मान्य करून घेतलं. पण संघ कायमचा असला तरी त्यानं खेळायचं कशात? स्कीच्या मोठ्या किताबांची तेव्हाची व्यवस्था दहावीच्या बोर्डासारखी होती. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धा दोन वर्षांतून एकदा, एकाच दिवशी, एकाच उतारावर. त्या सकाळी धुकं आलं, स्कीला चुकीचं मेण लागलं, की दोन वर्षांची मेहनत गेली. वेंगेन, किट्सब्यूल, अरल्बर्ग-कांदहार अशा नामांकित शर्यती दरसाल होत, पण प्रत्येकीचं संस्थान वेगळं. सगळ्या हिवाळ्यात सातत्यानं सर्वांत चांगला कोण, याचं उत्तर द्यायला कुणीच बांधील नव्हतं. आणि या शर्यती जवळजवळ सगळ्या युरोपात. अमेरिकन प्रेक्षकाला आपले खेळाडू दिसणार तरी कधी?

हाच प्रश्न वेगळ्या कारणानं आणखी दोघांना सतावत होता. एक होता अल्सासचा सर्ज लांग, फ्रान्सच्या ‘लेकीप’ या क्रीडा दैनिकासाठी लिहिणारा, अंगानं आणि आवेशानं दांडगा पत्रकार. दुसरा ओनोरे बोने, फ्रान्सच्या संघाचा प्रशिक्षक. बोने हा बीटीचा प्रतिस्पर्धी आणि स्वभावानं पार दुसऱ्या टोकाचा. 1919 चा जन्म, कमी बोलणारा, काटेकोर. किली, गोइत्शेल भगिनी, गी पेरिया अशी पिढी त्याच्या हाताखाली तयार झाली होती. जानेवारी 1966 मध्ये किट्सब्यूलला हानेनकामच्या शर्यतींच्या दिवसांत, उताराच्या कडेच्या झायडलाल्म या डोंगरी खानावळीत हे तिघं बसले आणि हंगामभर चालणाऱ्या, गुण मोजणाऱ्या स्पर्धेचा आराखडा मांडला. नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या वर्षी इंग्लंडमध्ये फुटबॉलचा विश्वचषक भरणार होता. स्कीचाही विश्वचषक का नको?

ऑगस्ट 1966 मध्ये चिलीतल्या पोर्तियोला जागतिक स्पर्धा झाली. दक्षिण गोलार्धातली ही पहिलीच, म्हणून ती ऑगस्टात. बोनेच्या संघानं 24 पैकी 16 पदकं उचलली. असा एकतर्फी धुव्वा या खेळानं आधी पाहिला नव्हता. अमेरिकेला एकच कांस्यपदक मिळालं, पेनी मकॉयचं. किडचा पाय तिथेच सरावात मोडला. मैदानावर बीटीचा संघ असा चितपट होत असताना त्याच डोंगरात आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष मार्क होडलर यांनी विश्वचषकाची घोषणा केली. बीटीच्या कारकिर्दीचं सगळं चरित्र या आठवड्यात सामावलेलं आहे: निकालात मागे, कल्पनेत पुढे.

पहिली शर्यत 5 जानेवारी 1967 ला जर्मनीत बेर्श्टेसगाडेनला झाली. स्लॅलम ऑस्ट्रियाच्या हाइनी मेसनरनं जिंकली. पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 15 आणि तसं उतरत दहाव्याला 1. प्रत्येक प्रकारातले उत्तम तीन निकालच धरायचे. म्हणजे तीन प्रकारांत मिळून जास्तीत जास्त 225 गुण शक्य होते. पहिल्याच वर्षी किलीनं ते सगळे 225 मिळवले. 17 पैकी 12 शर्यती त्यानं जिंकल्या आणि डाउनहिल तर एकही सोडली नाही.

स्त्रियांची चुरस याहून रंगली, आणि ती नेमकी बीटीला हवी होती तिथे. हंगामाचा शेवट मार्च 1967 मध्ये उत्तर अमेरिकेत ठेवला होता. न्यू हॅम्पशायरमधलं फ्रँकोनिया, कोलोरॅडोतलं व्हेल, वायोमिंगमधलं जॅक्सन होल. शेवटच्या स्लॅलमपर्यंत कॅनडाची नॅन्सी ग्रीन आणि फ्रान्सची मारिएल गोइत्शेल यांच्यात निकाल अडकून राहिला होता. ग्रीननं ती शर्यत जिंकली आणि 176 विरुद्ध 172 अशा चार गुणांनी चषक नेला. त्याच वसंतात बैरूतला महासंघाच्या अधिवेशनात विश्वचषकावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं. एका पत्रकारानं आणि दोन प्रशिक्षकांनी खानावळीत रचलेली स्पर्धा दीड वर्षाच्या आत खेळाचा कणा झाली. समित्या नेमून हे काम कदाचित एक तपभर चाललं असतं.

मग आलं 1968 चं ग्रनोबल ऑलिंपिक. शॉमरूसच्या उतारांवर किलीनं पुरुषांच्या तिन्ही शर्यती जिंकल्या. बोनेनं तृप्त मनानं निवृत्ती घेतली. अमेरिकेच्या वाट्याला एकही अल्पाइन पदक आलं नाही. जिम ‘मूस’ बॅरोज डाउनहिलमध्ये असा भयंकर कोसळला की ते दृश्य पुढे कित्येक वर्षं दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं. किड जायंट स्लॅलममध्ये पाचवा, स्पायडर सॅबिच स्लॅलममध्ये पाचवा, ह्यूगा सातवा. स्त्रियांच्या स्लॅलममध्ये सोळा वर्षांची जूडी नेगल पहिल्या फेरीअखेर आघाडीवर होती. दुसऱ्या फेरीत सुरुवातीलाच पडली आणि संपलं.

टीकेला आता धार आली. बीटी फार बोलतो, फार दामटतो, कसरतींनी स्की येत नाही, असं म्हणणारे इन्सब्रुकनंतर गप्प होते, ते पुन्हा पुढे आले. यातलं काही खरंच होतं. इतकी पथकं, इतका प्रवास, इतकी देणगीची भाषणं सांभाळताना एखाद्या खेळाडूच्या वळणाकडे बारकाईनं पाहायला सवड कितीशी उरणार? तरी ग्रनोबलचा संघ फुटकळ होता, हे म्हणणं अन्यायाचं ठरेल. ऑलिंपिकच्या स्लॅलमला पंधरा दिवस होत नाहीत तोच किकी कटर या अठरा वर्षांच्या मुलीनं नॉर्वेत विश्वचषकाची स्लॅलम जिंकली. विश्वचषकात शर्यत जिंकणारी ती पहिली अमेरिकन. एप्रिलमध्ये सॅबिचनं हेवनली व्हॅलीची स्लॅलम जिंकली. ज्या एकाच दिवसाच्या हिशेबाविरुद्ध बीटीनं विश्वचषक उभा केला होता, त्याच एका दिवसावरून त्याला मोजलं गेलं. पण पदकांची ग्वाही देत देणग्या गोळा करणाऱ्याला त्याबद्दल फार कुरकुरता येत नाही.

ग्रनोबलमधला दुसरा वाद पैशाचा होता. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज हौशी खेळाचे कट्टर पुजारी. स्कीवर कारखान्याचं नावही दिसू नये, हा त्यांचा हट्ट. शेवटी छायाचित्रं काढण्यापूर्वी खेळाडूंनी स्की काढून ठेवायच्या, अशी तडजोड झाली. पडद्यामागे पैसा आणि पुढ्यात सोवळं, हा प्रकार बीटीनं आठ वर्षं जवळून पाहिला होता. 1969 मध्ये त्यानं राष्ट्रीय संघ सोडला आणि उघडउघड रोख बक्षिसांची व्यावसायिक मालिका चालवायला घेतली. दोन समांतर मार्ग, दोन खेळाडू एकदम सुटणार, वाटेत उड्या, आणि जो आधी खाली पोचेल तो पुढच्या फेरीत. घड्याळ न पाहताही जत्रेतल्या माणसाला कळावं असं हे रूप होतं.

त्याच्या जाण्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी 1970 मध्ये, बिली किडनं इटलीत व्हाल गार्देनाला जागतिक स्पर्धेत संयुक्त प्रकाराचं, म्हणजे तिन्ही शर्यतींच्या एकत्रित निकालाचं, सुवर्ण जिंकलं. जागतिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला अमेरिकन पुरुष. फळ बीटीनं लावलेल्या झाडाचं, तोडायला मात्र तो हजर नव्हता. किड लगेच व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी बीटीच्या मालिकेचंही विजेतेपद घेतलं. पुढची दोन वर्षं ते सॅबिचकडे गेलं. 1973 मध्ये निवृत्तीतून परतलेल्या किलीनं ते हिसकावलं. ही मालिका 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. जिमी ह्यूगाला मात्र 1970 मध्येच मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार निघाला. त्यानं त्याच आजाराच्या रुग्णांना व्यायामाची वाट दाखवणारं केंद्र 1984 मध्ये काढलं आणि 8 फेब्रुवारी 2010 ला, इन्सब्रुकच्या स्लॅलमला बरोबर 46 वर्षं झाली त्या दिवशी, त्याचं निधन झालं.

अमेरिकेतल्या सामान्य माणसाला बीटीचा आवाज ओळखीचा झाला तो एबीसी वाहिनीवरून. 5 फेब्रुवारी 1976 ला पुन्हा इन्सब्रुकमध्येच भरलेल्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा फ्रान्झ क्लामर पिवळ्या पोशाखात, प्रत्येक वळणाला तोल जाता जाता सावरत, डाउनहिल उतरला आणि स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड रुसीला 33 शतांश सेकंदांनी मागे टाकून गेला. समालोचक फ्रँक गिफर्डच्या शेजारी बसलेल्या बीटीचा आवाज क्लामरच्या वेगाबरोबर चढत गेला. तंत्र समजावून सांगायची ती वेळच नव्हती. दोन मिनिटांच्या आत स्की म्हणजे काय, हे स्की कधी न पाहिलेल्यांनाही कळलं.

विश्वचषकाचा मोठा चषक अमेरिकेत आला 1981 मध्ये. फिल मारनं तो सलग तीन वर्षं राखला. 1984 ला सारायेव्होत बिल जॉन्सननं डाउनहिल जिंकून अमेरिकन पुरुषांचं पहिलं ऑलिंपिक अल्पाइन सुवर्ण मिळवलं. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये फिल मार पहिला आणि त्याचा जुळा भाऊ स्टीव्ह दुसरा आला. त्याच वर्षी बीटीची निवड अमेरिकेच्या स्की हॉल ऑफ फेममध्ये झाली.

बॉब बीटी 1 एप्रिल 2018 रोजी कोलोरॅडोतल्या फ्रूटा इथे वारला. वय 85. त्याच्या मृत्यूच्या दोन आठवडे आधी विश्वचषकाचा 52 वा हंगाम स्वीडनमध्ये ओरे इथे संपला होता, आणि स्त्रियांचा चषक कोलोरॅडोतल्या व्हेलला जन्मलेल्या मिकेला शिफ्रिननं जिंकला होता.